अरण्यरुदन ऐकले जाते



आज राखेचा बुधवार. पायऱ्या चढून येताना मी पाहत होतो, तुमच्यातल्या काहींच्या कपाळावरचा राखेचा क्रूस अजून पुसला गेलेला नाही. ही राख येते कुठून? गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी 'होसान्ना' म्हणत ज्या झावळ्या आपण उंच धरल्या, त्याच वाळवून, जाळून ती केली जाते. जयजयकाराची राख! वर्षातले चाळीस दिवस जिथून सुरू व्हायचे ती जागा मंडळीने फार विचार करून निवडली आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मला सातवीत मराठी शिकवत. ते ख्रिस्ती नव्हते, पण त्यांच्या टेबलावर मराठी बायबल असे आणि ते त्यांनी वाचलेले असे. एकदा त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, 'अरण्यरुदन', आणि वाक्यात उपयोग करायला सांगितले. मी लिहिले, 'गरिबाची तक्रार म्हणजे अरण्यरुदनच.' गुरुजींनी वाक्य वाचले, बरोबरची खूण केली आणि हळूच म्हणाले, "तुझ्या घरी बायबल आहे ना? मग हा शब्द खोटा पाडणारी गोष्ट त्यात शोध आणि मला सांग."

ती गोष्ट मला सापडायला फार वर्षे लागली. सापडली तेव्हा सांगायला गुरुजी नव्हते. म्हणून आज ती तुम्हाला सांगतो आहे.

पण आधी आजपासून सुरू होणाऱ्या काळाविषयी. लेंटचा काळ, उपवासकाळ, प्रायश्चित्तकाळ. वसईच्या आणि इथल्या नगरच्या मंडळींत नावे वेगवेगळी चालतात. गोव्यात कोंकणीत त्याला करेज्म म्हणतात आणि त्या शब्दाच्या पोटात 'चाळीस' हा लॅटिन आकडा दडलेला आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस भरतात ४६. त्यातले सहा रविवार वगळायचे, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी शोक नाही. उरले चाळीस. इ.स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेच्या नियमांत या चाळिसाचा उल्लेख येतो, म्हणजे प्रथा किमान सतरा शतके जुनी. पण चाळीसच का? इस्राएल लोक चाळीस वर्षे अरण्यात फिरले म्हणून. मोशे चाळीस दिवस सीनाय पर्वतावर होता म्हणून. एलीया चाळीस दिवस चालत होरेबला गेला म्हणून. आणि प्रभू येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देनेच्या पाण्यातून वर आला तो थेट अरण्यात गेला, चाळीस दिवस, म्हणून.

म्हणजे या काळाचा पत्ता एकच आहे: अरण्य. मग आपण गेली कित्येक वर्षे या काळाविषयी बोलताना 'तू काय सोडलंस? मटण की मासे? चहा की मोबाईल?' एवढेच का विचारतो? 'तू कुठे गेलास?' हे का विचारत नाही?

तेव्हा आज मला तीन गोष्टी बोलायच्या आहेत. अरण्य म्हणजे काय. तिथे काय घडते. आणि तिथे आपल्या आधीपासून कोण आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून पहिल्या दोन जरा भरभर सांगेन.

अरण्य म्हणजे काय?

मराठी माणसाच्या कानावर 'अरण्य' हा शब्द पडला की त्याला दंडकारण्य दिसते. साग, वेली, वाघ, ऋषींचे आश्रम. लहानपणी मलाही वाटे की येशू चाळीस दिवस आंबोलीसारख्या एखाद्या हिरव्यागार ठिकाणी बसला होता. खरे चित्र निराळे आहे. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. तिथून पूर्वेला सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर मृत समुद्र, आणि त्याचा काठ समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली. भूमध्य समुद्राकडून येणारे ढग यरुशलेमच्या डोंगरावर रिकामे होतात. डोंगरावर वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस, पलीकडच्या उतारावर तळाशी शंभरसुद्धा नाही. त्या उतारालाच यहुदियाचे अरण्य म्हणतात.

मंडळी, हे वर्णन ओळखीचे वाटते ना? पर्जन्यछाया! महाबळेश्वराला पाच-सहा हजार मिलिमीटर कोसळतो आणि तेच ढग घाट ओलांडून माणदेशात येतात तेव्हा त्यांच्याकडे द्यायला काही उरलेले नसते. आपला नगर जिल्हाही बराचसा त्याच छायेतला. यहुदियाचे अरण्य डोळ्यांपुढे आणायला आपल्याला पॅलेस्टाईनचे तिकीट काढावे लागत नाही. मार्च महिन्यात पाथर्डीच्या बाजूला एसटीच्या खिडकीशी बसावे. उघडे माळ, कोरडे ओढे, एखादी बाभळ आणि लांबवर मेंढरांचा कळप.

तो कळप महत्त्वाचा आहे. मूळ हिब्रू शब्द 'मिदबार'. त्याचा रोख कळप हाकत नेण्याच्या जागेकडे आहे. नांगराखाली न येणारी, पेरली न जाणारी, पण मेंढपाळाला ठाऊक असलेली जमीन. आणि हिब्रूत 'शब्द', 'वचन' यासाठी जो 'दाबार' आहे, त्याची तीन व्यंजने या 'मिदबार'मध्ये जशीच्या तशी आहेत. हा नुसता अक्षरांचा योग असला तरी होशेय संदेष्ट्याला त्याचा अर्थ कळला होता, असे मला वाटते. त्याच्या ग्रंथात देव म्हणतो की मी तिला, माझ्या प्रजेला, फुसलावून अरण्यात नेईन आणि तिथे तिच्या मनाशी बोलेन. बाजारात नव्हे. देवळातही नव्हे.

मग मराठी भाषांतरकारांनी 'माळरान' न म्हणता 'अरण्य' म्हटले, ते चुकले का? मी बरीच वर्षे समजत होतो की चुकले. एके दिवशी संस्कृत कोश उघडला. 'अरण्य' हा शब्द 'अरण' वरून आलेला. अरण म्हणजे परका, दूरचा. वेदकाळच्या माणसाच्या जगाचे दोन भाग होते, ग्राम आणि अरण्य. अरण्यात झाडे असोत वा नसोत, त्याने बिघडत नाही. गावाची हद्द संपते तिथे अरण्य सुरू होते. वेशीच्या बाहेर जे जे, ते अरण्य.

वेशीच्या बाहेर. हे दोन शब्द जरा ध्यानात ठेवा.

आता दुसरी गोष्ट. तिथे काय घडते?

पहिल्यांदा भूक लागते. हे इतके साधे आहे की प्रवचनांत त्याच्यावरून आपण उडी मारून पुढे जातो. चाळीस दिवसांनंतर येशूला भूक लागली, असे शुभवर्तमान लिहिते. मग परीक्षक येतो आणि म्हणतो, या दगडांच्या भाकरी कर.

दगडांच्या भाकरी! मी ७२ च्या दुष्काळातला मुलगा आहे, नऊ वर्षांचा. या सभागृहातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना ते दिवस सांगायला नकोत. सरकारने दुष्काळी कामे काढली होती. नालाबंडिंग, रस्ते, पाझर तलाव आणि खडी. माझी आजी खडी फोडायला जाई. सकाळी डोक्यावर चुंबळ, हातात हातोडा. फोडलेल्या खडीचे माप घेतले जाई आणि त्या मापावर मजुरी. मजुरीच्या पैशात परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे, तिची भाकर थापायला घेतली की चिरत असे. कामावर सुकडी, म्हणजे कोरडे पौष्टिक खाद्य, वाटत. आजी तिच्या वाट्याची सुकडी अर्धी खाई आणि अर्धी पदराच्या गाठीत बांधून आम्हा भावंडांसाठी आणी. सगळ्या महाराष्ट्रात त्या वर्षी लाखो हातांनी दगडांच्या भाकरी केल्या. चमत्काराने नव्हे, घामाने.

१९७३ साली राखेचा बुधवार ७ मार्चला होता, ईस्टर २२ एप्रिलला. म्हणजे दुष्काळाच्या ऐन मध्यावर. पाळकसाहेब सायकलीवरून कामावर आले आणि बायांना म्हणाले, आजपासून उपवासकाळ सुरू झाला. आजीने हातोडा खाली न ठेवता म्हटले, "पाळकसायेब, आमचा दिवाळीपासनंच चालूय. तुमी आता आलाव, बसा."

'तुम्ही आता आलात, बसा.' लेंटविषयी मी पुष्कळ ग्रंथ वाचले. या वाक्याच्या पलीकडे त्यांतला एकही मला घेऊन गेला नाही. त्याचा अर्थ मी शेवटाकडे उलगडेन.

येशूने भाकर नाकारली ती भाकरीचा तिरस्कार म्हणून नव्हे. पुढे पाच हजार लोकांना तो जेवू घालतो, ती जागा कोणती? शुभवर्तमानकार मार्क तिच्यासाठी तोच शब्द योजतो, ओसाड जागा, अरण्य. अरण्यात स्वतःसाठी त्याने एका दगडाला हात लावला नाही आणि अरण्यातच लोकांसाठी पाच भाकरी मोडल्या. आजीच्या पदराची गाठ मला इथे आठवते. सुकडी तीच, पण अर्धी पोटात आणि अर्धी गाठीत.

इस्राएल लोकांना अरण्यात मिळालेल्या मान्नाचेही असेच. दर माणशी एक ओमर, साधारण दोन लिटरचे माप. जास्त गोळा केले तर उरत नसे, कमी केले तर पुरत असे, आणि उद्यासाठी लपवून ठेवले तर किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट. मिसरात हेच लोक फारोसाठी कोठारांची नगरे बांधत होते, दुसऱ्याचा साठा उभारण्यात त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या होत्या. साठ्याची ती सवय मोडायला चाळीस वर्षे लागली, यात नवल काय? आपल्या घरातल्या कोठ्या, फ्रिज, बँकेतल्या ठेवी डोळ्यांपुढे आणा. आपल्याला चाळीस दिवस पुरतील का?

दुसरी परीक्षा मंदिराच्या शिखरावरची. उडी टाक, लोक बघतील. तिसरी डोंगरावरची. नमन कर, सगळी राज्ये तुझी. मत्तय आणि लूक यांच्यात या दोहोंचा क्रम उलटा आहे; त्यावर आज थांबत नाही. लक्षात घेण्यासारखे हे की तिन्ही वेळा येशूचे उत्तर 'अनुवाद' या एकाच पुस्तकातून येते, म्हणजे अरण्यातल्या चाळीस वर्षांची उजळणी ज्या पुस्तकात आहे त्यातून. जिथे त्याचे पूर्वज पडले होते, तिथेच जाऊन तो उभा राहिला.

तिसऱ्या-चौथ्या शतकांत मिसरी वाळवंटात जे साधू गेले, त्यांच्याविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. अँथनी त्यांतला ठळक. एका पडक्या किल्ल्यात तो सुमारे वीस वर्षे एकटा राहिला. अथनेशियसने त्याचे चरित्र लिहिले, त्यात एक तपशील फार सुंदर आहे. वीस वर्षांनी दार मोडून लोक आत गेले तेव्हा त्यांना वाटले होते की खंगलेला, भ्रमिष्ट माणूस दिसेल. अँथनी बाहेर आला तो ना सुटलेला ना सुकलेला, मनाने शांत. आणि आल्याबरोबर तो आजाऱ्यांकडे, भांडणाऱ्यांकडे, दुःखितांकडे वळला. अरण्यातून बाहेर येणारा माणूस माणसांकडे वळतो की माणसांपासून दूर जातो, यावरून त्याच्या अरण्याची पारख करावी.

इथे एक आक्षेप ऐकून घ्यायला हवा. इथल्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत, १८३१ पासून नगरला जी रुजली तिच्यात, लेंट पाळायची फारशी रीत नव्हती. त्याला कारण होते. १५२२ साली झुरिकमध्ये फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी लेंटमध्ये सॉसेज खाल्ले गेले आणि शहरभर गदारोळ झाला. धर्मसुधारक झ्विंग्ली तिथे हजर होता, त्याने स्वतः खाल्ले नाही, पण पुढे व्यासपीठावरून त्या खाणाऱ्यांची बाजू मांडली: शुभवर्तमानाने मोकळ्या केलेल्या माणसाला ताटाच्या नियमाने बांधू नका. मला हा आक्षेप खरा वाटतो. ताटापुरता उरलेला लेंट नसला तरी चालेल. १९७० साली नागपुरात उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली आणि निरनिराळ्या परंपरा एका छपराखाली आल्या, तेव्हा लेंटही आमच्या उपासनेत आला. तो ताटातून आला की अरण्यातून, हे ज्याचे त्याने पाहावे.

आणि आपला 'उपवास' हा शब्द तरी कुठे ताटाविषयी बोलतो? उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणे. उपवास म्हणजे जवळ जाऊन राहणे. न खाणे हे त्या जवळ राहण्याच्या ओघात येते. तेव्हा प्रश्न 'काय खायचे नाही' हा नाहीच. प्रश्न आहे, कोणाजवळ राहायचे?

म्हणून तिसरी गोष्ट. अरण्यात आपल्या आधीपासून कोण आहे?

आता गुरुजींनी शोधायला सांगितलेली गोष्ट. हागार. मिसरी बाई, साराची दासी, अब्राहामाच्या मुलाची आई. साराला स्वतःचा मुलगा झाला, वारसाचा प्रश्न उभा राहिला आणि ती नवऱ्याला म्हणाली, या दासीला आणि तिच्या मुलाला हाकलून द्या. अब्राहाम पहाटे उठला, भाकरी दिल्या, पाण्याची मसक हागारेच्या खांद्यावर ठेवली आणि दोघांना वाटेला लावले. बैर-शेब्याच्या अरण्यात ती भटकत राहिली. मसकेतले पाणी संपले. तिने मुलाला एका झुडपाखाली टाकले आणि स्वतः बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसली. मुलाचे मरण डोळ्यांनी बघवणार नाही म्हणून. आणि मोठ्याने रडू लागली.

मंडळी, हेच अरण्यरुदन. शब्दकोशात या शब्दापुढे अर्थ लिहिलेला असतो: ज्याची कोणी दखल घेत नाही असे रडणे. आणि इथे काय होते? देवाने मुलाचा आवाज ऐकला. मुलगा जिथे होता तिथूनच ऐकला. त्या मुलाचे नावच मुळी इश्माएल, म्हणजे 'देव ऐकतो'. सगळ्या गोष्टीत ते नाव आईच्या मांडीवर, झुडपाखाली, उन्हात पडलेले आहे आणि ते आपण वाचत नाही! मग देवाने हागारेचे डोळे उघडले आणि तिला विहीर दिसली. विहीर निर्माण केली, असे लिहिलेले नाही. विहीर तिथे होतीच. रडून सुजलेल्या डोळ्यांना ती दिसत नव्हती.

याआधीही एकदा ती अरण्यात पळून गेली होती, गरोदर असताना. तेव्हा झऱ्यापाशी देवदूताने तिला गाठले आणि तिने देवाला नाव ठेवले, 'मला पाहणारा देव'. बायबलमध्ये देवाला नाव देणारे पहिले माणूस कोण? अब्राहाम नाही, मोशे नाही. एक परकी, गरोदर, पळालेली दासी.

आता मार्ककडे या. मत्तय आणि लूक म्हणतात की आत्म्याने येशूला अरण्यात नेले. मार्कचा शब्द त्याहून खरबरीत आहे. आत्म्याने त्याला बाहेर घालवले, जवळजवळ हाकलले. आणि हागारेची गोष्ट प्राचीन ग्रीक भाषांतरात पाहिली तर साराच्या तोंडी 'हिला हाकलून द्या' यासाठी तेच क्रियापद आहे. मार्कने जाणून हे केले, असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचली तेव्हा मला दिसले ते एवढेच: देवाचा पुत्र, सेवाकार्याच्या पहिल्या पावलाला, हागारेच्या वाटेने निघाला. तिला ज्या दिशेला हाकलले, त्या दिशेला तो गेला.

आणि त्या वाटेचा शेवट कुठे झाला? येशूला जिथे क्रूसावर खिळले ते गुलगुथा नगराच्या वेशीबाहेर होते. इब्री लोकांस लिहिलेले पत्र हे मुद्दाम सांगते की येशूने वेशीबाहेर दुःख सोसले, म्हणून चला, आपणही छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. लेवीयाच्या पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापे एका बकऱ्याच्या डोक्यावर ठेवून त्याला अरण्यात सोडून देत. गावाला नको असलेले सगळे पाठीवर घेऊन तो बाहेर जाई. आपल्या चाळीस दिवसांची सुरुवात वेशीबाहेर, शेवटही वेशीबाहेर.

वेशीबाहेर, गावकुसाबाहेर. हा शब्द उच्चारताना माझा घसा दाटतो. आज इथे बसलेल्या आपल्यापैकी किती जणांचे पणजोबा-खापरपणजोबा गावकुसाबाहेर राहत होते? महारवाडा, मांगवाडा. पाणवठा वेगळा, सावलीचा विटाळ. आपल्या पूर्वजांना अरण्यात जायला राखेचा बुधवार लागत नव्हता, गावाने त्यांची सोय आधीच तिथे करून ठेवली होती. शुभवर्तमान नगर जिल्ह्यात आले ते त्या वस्त्यांत रुजले आणि याचे कारण पुष्कळ अभ्यासकांनी पुष्कळ प्रकारे सांगितले आहे. मला एक कारण दिसते. त्या वस्त्यांतल्या लोकांनी हागारेची गोष्ट ऐकली असेल आणि त्यांना ती परकी वाटली नसेल.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. त्यांचा जन्म १८५८ मध्ये पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचा हट्ट धरला, समाजाचा रोष ओढवला आणि ते रानात जाऊन राहिले. एका बाईने शिकावे म्हणून जे अरण्य जवळ केले गेले, त्यात रमाबाई जन्मल्या! पुढे १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ उपाशीपोटी हिंदुस्थानभर पायी हिंडले. ती भूक त्या विसरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून शेकडो मुली, बाया त्यांनी आणल्या. केडगावला त्यांची मुक्ती ही संस्था उभी राहिली. तेव्हाचे केडगाव म्हणजे रेल्वेच्या रुळांच्या कडेचा उघडा माळ. तिथे त्यांनी घरे बांधली, शेती केली, विहिरी खोदल्या, छापखाना घातला आणि बायबल मूळ हिब्रू-ग्रीकमधून सोप्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्या वर्षी ईस्टर १६ एप्रिलला होता. अकरा दिवस आधी, उपवासकाळात.

रमाबाईंनी लेंटमध्ये काय सोडले, हे कोणी विचारत नाही. त्या कोणाजवळ जाऊन राहिल्या, हे सगळ्यांना माहीत आहे.

फार जुन्या ख्रिस्ती लिखाणांत 'हर्मासचा मेंढपाळ' नावाचे एक पुस्तक आहे, दुसऱ्या शतकातले, रोममधले. त्यात उपवासाचा एक हिशेब सांगितला आहे. त्या दिवशी भाकरी आणि पाण्यावर राहा, जे खाल्ले असते त्याची किंमत काढ आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला, गरजवंताला दे. इतका रोकडा हिशेब! यशया संदेष्टा त्याच्याही आधी सांगून गेला होता की देवाला हवा असलेला उपवास म्हणजे अन्यायाच्या बेड्या सोडणे, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणे, बेघराला घरात घेणे. उपवासातून वाचलेले पैसे पाकिटात घालून कुठेतरी पाठवणे चांगलेच. पण यशया 'पाठव' म्हणत नाही. 'घरात घे' म्हणतो.

२०२० सालचा लेंट आठवा. २६ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला, २५ मार्चला देश बंद झाला, १२ एप्रिलला ईस्टर. चर्चे कुलूपबंद. 'क्वारंटाईन' हा शब्द आपल्याला त्या वर्षी पाठ झाला. तोही मूळचा 'चाळीस'च, व्हेनिसच्या बंदरात जहाजांना बाहेर थांबवून ठेवण्याचे चाळीस दिवस. यरीहोजवळच्या ज्या डोंगरावर येशूची परीक्षा झाली अशी श्रद्धा आहे, त्याचे अरबी नाव करंतल, तेही त्याच चाळिसावरून. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोमच्या भर पावसात रिकाम्या चौकात एकटे उभे राहिले, ते आपण घरात बसून पाहिले. आणि त्याच दिवसांत आपल्या महामार्गांवरून माणसे चालत होती. डोक्यावर बोचके, कडेवर मूल, हातात पाण्याची बाटली. मला तेव्हा मसक आठवली. मी फोनवर मित्राला म्हणालो होतो, या वर्षी उपासना नाही, मिस्सा नाही, लेंट कसला! आज ते वाक्य आठवले की मान खाली जाते. उपवासकाळ रस्त्याने चालला होता आणि मी दार लावून त्याची वाट पाहत होतो.

मंडळी, आज संध्याकाळी आपल्या जिल्ह्यात आणि शेजारच्या बीडमध्ये किती घरांना कुलूप आहे? ऊसतोडीचा हंगाम अजून सरलेला नाही. लेंट दरवर्षी याच हंगामाच्या शेपटाशी येतो. कारखान्यांच्या भोवती, गावांच्या बाहेर, शेताच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या आहेत. पहाटे तीनला उठून कोयता घेऊन निघणारी बाई, बैलगाडीखाली निजलेले पोर, पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर केलेली आर्जवे. हे अरण्य नव्हे तर काय? आपण आज कपाळाला राख लावून म्हणतो, चला, चाळीस दिवस अरण्यात जाऊ. तिथे ती बाई दिवाळीपासून बसलेली आहे. आपण पोचलो तर ती आजीसारखेच म्हणेल, 'तुमी आता आलाव, बसा.'

बसा, असे ती म्हणेल. यात राग नाही, हे मला आता साठी ओलांडल्यावर कळते. आजीने त्या दिवशी पाळकसाहेबांना टोमणा मारला असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. तसे नव्हते. तिने खडीच्या ढिगावर हाताने धूळ झटकून त्यांना जागा करून दिली होती. पाळकसाहेब बसले. त्यांनी तिच्या हातातून हातोडा घेतला आणि दुपारपर्यंत खडी फोडली, नीट जमत नव्हती तरी. त्या दिवशी प्रार्थना झाली की नाही, मला आठवत नाही. तिच्या मापात त्यांची खडी धरली गेली, एवढे पक्के आठवते.

हागारेच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. तिने मसक भरली, मुलाला पाजले. आपल्याला वाटते आता दोघे परत येतील, अब्राहाम पश्चात्ताप करील, तंबूचे दार उघडेल. तसे काही लिहिलेले नाही. ती परत आली नाही. मुलगा पारानाच्या अरण्यातच वाढला, तिरंदाज झाला, आईने त्याच्यासाठी मिसरातून बायको केली. आणि देव त्या मुलाबरोबर होता, असे ते पुस्तक सांगते. म्हणजे तिथेच होता, अरण्यात.